तेल भडकलं, सोयाबीनचं काय?

लातूरच्या मार्केट यार्डात सोयाबीनचा उच्चांकी भाव कधी निघाला होता ते आठवून पाहा. २०२१ सालच्या जुलै-ऑगस्टमध्ये, क्विंटलला दहा हजारांच्या पुढे. तेव्हा तेलाच्या वाटेवर कुठलंही मोठं युद्ध पेटलेलं नव्हतं. रशियाने युक्रेनवर हल्ला केला तो त्यानंतर सहा महिन्यांनी, २४ फेब्रुवारी २०२२ रोजी. कच्चं तेल मार्चमध्ये पिंपाला १३० डॉलरच्या वर जाऊन आलं, सूर्यफूल तेलाची जहाजं काळ्या समुद्रात अडकली आणि आपल्याकडे आडतीच्या ओट्यावर बसून माणसं म्हणू लागली, ‘आता बारा हजार पक्के.’ सोयाबीन सात-साडेसात हजारांपर्यंत गेलं आणि थबकलं. दिवाळीच्या सुमारास नवा माल आला तेव्हा भाव पाच हजारांच्या आसपास होता. पेरणीला मात्र डिझेलही महाग लागलं होतं आणि खतही.

त्या उन्हाळ्यात आमच्याही घरी चाळीस कट्टे ‘अजून थोडं थांबू’ म्हणून राहिले होते. जूनमध्ये पेरणीला पैसा लागला तेव्हा मार्चपेक्षा क्विंटलमागे हजारभर रुपये कमी घेऊन ते विकले. चूक आमचीच होती. तेल महागलं म्हणजे तेलबियाही महागणार, एवढाच हिशेब आम्ही केला होता.

हा हिशेब नांदेड-लातूरच्या प्रत्येक शेतकऱ्याने, ट्रॅक्टरवाल्याने आणि दाळमिलवाल्याने एकदा नीट मांडून पाहायला हवा. कारण आखातात क्षेपणास्त्र पडलं, होर्मुझच्या सामुद्रधुनीचं नाव टीव्हीवर झळकलं, की आपल्याकडे दोन गोष्टी एकदम सुरू होतात: माल दाबून ठेवणं आणि डिझेलचे कॅन भरून ठेवणं. दोन्हींत पैसा अडकतो. युद्धामुळे जे आपण विकत घेतो ते आज ना उद्या महागतं. जे आपण विकतो ते महागेलच असं नाही.

त्याचं कारण सोयाबीनच्या दाण्यातच आहे. एक क्विंटल सोयाबीन गाळलं की साधारण १८ किलो तेल निघतं आणि ८० किलोच्या आसपास पेंड, म्हणजे आपण ज्याला डीओसी म्हणतो ती. सोयाबीनला आपण तेलबी म्हणतो खरं, पण ते निम्म्याहून जास्त कोंबडीचं खाद्य आहे. आता गणित करा. युद्धामुळे तेल किलोला १० रुपयांनी वाढलं, तर क्विंटलमागे १८० रुपये वाढायला वाव मिळाला. त्याच वेळी पेंड किलोला ३ रुपयांनी उतरली, तर २४० रुपये गेले. म्हणजे तेल महाग झालेलं असतानाही सोयाबीन गाळणाऱ्या प्लांटचा दर खाली येऊ शकतो. ‘तेलाचा डबा एवढा महाग आणि आमचं सोयाबीन मातीमोल कसं?’ हा प्रश्न दरवर्षी विचारला जातो. व्यापाऱ्यांची लबाडी हे त्याचं एकमेव उत्तर नाही. कधी कधी ते असतंही, पण दर वेळी तेच गृहीत धरलं तर पेंडेकडे लक्षच जात नाही.

पेंड का उतरते? इथे खनिज तेल मागच्या दाराने आत येतं. कच्च्या तेलाची आयात कमी करायची म्हणून देशाने पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायचं ठरवलं आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांचा टप्पा गाठला. हे इथेनॉल आता उसाइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, मका आणि तांदळापासून होतं. धान्यातून इथेनॉल काढल्यावर जो चोथा उरतो तो डीडीजीएस. त्यात प्रथिनं असतात, तो स्वस्त असतो आणि पोल्ट्रीवाले सोयापेंडेऐवजी तो वापरतात. म्हणजे तेलाच्या भीतीपोटी देशाने जो उपाय केला, त्याचा एक धागा थेट आपल्या पेंडेच्या भावापर्यंत येतो. इथेनॉल वाईट आहे असं मी म्हणत नाही. मांजरा नदीकाठच्या ऊसवाल्याला विचाराल तर तो वेगळंच सांगेल, त्याच्या कारखान्याला त्यातून पैसा सुटतो. पण ऊस आणि सोयाबीन दोन्ही असलेल्या घराने हे ओळखून असावं की एकाच धोरणाने एक खिसा भरतो आणि दुसरा रिकामा होतो.

पेंडेचं दुसरं गिऱ्हाईक परदेशात आहे. त्यातही इराणची गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. अमेरिकेच्या निर्बंधांमुळे इराणला डॉलरमध्ये पैसे देता येईनात, तेव्हा २०१२ पासून भारत इराणच्या कच्च्या तेलाचे बरेचसे पैसे कोलकात्याच्या युको बँकेत रुपयांत जमा करू लागला. ते रुपये इराणला भारतातच खर्चावे लागत. त्यातून त्याने बासमती घेतला, चहा घेतला आणि सोयापेंडही घेतली. मे २०१९ मध्ये निर्बंधांच्या दबावाखाली भारताने इराणचं तेल घेणं थांबवलं. खात्यात नवे रुपये येईनात, शिल्लक आटत गेली आणि ते गिऱ्हाईक सावध झालं. वॉशिंग्टनमध्ये निर्णय झाला आणि औसा-निलंग्याच्या सोयाबीनचा एक खरेदीदार हात आखडून बसला. बातम्या वाचताना म्हणूनच फक्त ‘क्रूड किती झालं’ एवढंच पाहू नका. पेंड घेणाऱ्या देशाकडे पैसे द्यायची सोय उरली आहे का, तेही पाहा.

तेल वाढवणारे धागेही आहेत, ते नाकारून चालणार नाही. इंडोनेशियात पामतेल डिझेलमध्ये मिसळतात. २०२३ मध्ये ३५ टक्के, २०२५ मध्ये ४० टक्के, असं प्रमाण त्यांनी वाढवत नेलं. कच्चं तेल महागलं की पामतेल तिकडे वळतं आणि आपल्या पातेल्यात यायचं तेल महागतं. शिवाय रुपया घसरला की आयात आपोआप महागते. आपण खाद्यतेल निम्म्याहून जास्त बाहेरून आणतो, त्यामुळे या वाढीचा आधार आपल्या सोयाबीनला मिळायला हवा. पण इथे मध्ये दिल्ली उभी असते. शहरात तेलाचा डबा महागला की आयात शुल्क उतरतं. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या पाम, सोया आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ शुल्क शून्यावरून २० टक्के केलं, उपकर धरून ते २७.५ टक्के झालं. मे २०२५ च्या अखेरीस ते मूळ १० टक्क्यांवर, म्हणजे एकूण १६.५ टक्क्यांवर आणलं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये भाव दहा हजारांवर असतानाच १२ लाख टन जीएम सोयापेंड आयातीला मुभा मिळाली आणि काढणीच्या वेळी भाव पाच हजारांच्या जवळ येऊन बसला. त्याच वर्षी २० डिसेंबरला सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे स्थगित झाले आणि ती स्थगिती पुढे वाढतच गेली. त्यामुळे चार महिन्यांनी भाव काय असेल याचा जो थोडाफार अंदाज वायद्यावरून यायचा, तोही गेला.

आता कॅलेंडरकडे या. माझ्या मते सगळ्यात कामाचा भाग हाच आहे. आपला पैसा जातो मे ते जुलैत: नांगरणी, खत, बियाणं, पेरणी. आपला माल येतो ऑक्टोबर-नोव्हेंबरात. मधल्या काळात युद्धाची आग बाजारापुरती तरी बऱ्याचदा विझलेली असते. इंडोनेशियाने २८ एप्रिल २०२२ ला पामतेलाची निर्यात बंद केली, जग हादरलं. २३ मे ला ती खुली झाली आणि साठलेलं तेल विकायला काढल्यावर जूनपासून भाव कोसळले. जून २०२५ मध्ये इस्राईल-इराण संघर्षात कच्चं तेल बारा दिवसांत ७० डॉलरच्या खालून ८० च्या जवळ गेलं आणि युद्धबंदी होताच परत फिरलं. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये युद्ध पेटलं आणि घरात गेल्या हंगामाचा माल असेल, तर ती विकायची वेळ समजा. मे-जूनमध्ये पेटलं तर ते आपल्यासाठी फक्त खर्चाचं युद्ध आहे. ऑक्टोबरात पेटलं तरच ‘थोडं थांबू’ म्हणण्यात काही अर्थ आहे.

थांबायचं असेल तर थांबण्याचा खर्च आधी काढा. कृषी पणन मंडळाच्या शेतमाल तारण कर्ज योजनेत मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजाने १८० दिवसांसाठी मिळते. बाजार समितीत किंवा वखार महामंडळाच्या गोदामात माल ठेवून पावती घ्यायची. समजा भाव ४,५०० आहे. उचल मिळेल ३,३७५ रुपये, सहा महिन्यांचं व्याज साधारण १०० रुपये. गोदाम भाडं, हमाली, शिवाय माल वाळून घटणारं वजन धरलं की क्विंटलमागे एकूण २०० रुपयांच्या आसपास जातात. म्हणजे सहा महिन्यांनी ४,७०० मिळाले तर तुम्ही जिथल्या तिथे आहात. हेच पैसे गावात शेकडा दोन रुपयांनी उचलले असतील तर ४,५०० वर सहा महिन्यांचं व्याजच ५४० होतं. अशा माणसाने युद्धाच्या बातमीवर माल दाबून ठेवू नये. त्याने आधी देणं फेडावं. ज्याला देणं नाही त्याने तीन वाटे करावेत: एक काढणीला, एक जानेवारीच्या सुमारास आणि एक उन्हाळ्यात. सगळा माल एकाच दिवशीच्या भावावर सोडू नये. दमट माल मात्र कुठल्याही कारणाने ठेवू नका. ओलावा १२ टक्क्यांच्या खाली असल्याशिवाय गोदामातही टिकत नाही आणि हमीभाव केंद्रावरही अडतो. २०२५-२६ साठी हमीभाव ५,३२८ ठरला होता, पण सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीची नोंद नसेल तर त्या केंद्राचं दार तुमच्यासाठी बंद आहे. ही नोंद पिकाच्या हंगामातच करावी लागते, विकायला निघाल्यावर नाही.

भावाकडे पाहताना लातूरच्या मोंढ्याचा भाव आणि प्लांटचे दर तर सगळेच फोनवर पाहतात. त्यात दोन गोष्टींची भर घाला: मलेशियातल्या पामतेलाचा भाव आणि आपल्याकडच्या डीओसीचा टनाचा भाव. दोन्ही वर असतील तर तेजी खरी. पामतेल वर आणि डीओसी खाली असेल तर ती तेजी पोकळ आहे, मिळतोय तो भाव घ्या.

खर्चाच्या बाजूला डिझेल पहिलं आठवतं. पंपावरचा भाव क्रूडच्या मागे दुसऱ्या दिवशी धावतो असं नाही. नोव्हेंबर २०२१ पासून तो गोठवलेला होता; युद्ध सुरू होऊन महिना होत आला तेव्हा २२ मार्च २०२२ ला सुटला आणि ६ एप्रिलपर्यंत लिटरमागे दहा रुपये वाढला. मग मे महिन्यात केंद्राने डिझेलवरचा अबकारी कर सहा रुपयांनी उतरवला. म्हणजे ड्रम भरून ठेवायची घाई करण्याआधी थोडा श्वास घ्या. घरात डिझेल साठवणं धोक्याचंही आहे. नांगरणी, मोगडा, पेरणी, मळणी मिळून एकराला २५ लिटर धरलं, तर दहा रुपयांची वाढ म्हणजे एकरी अडीचशे रुपये. पण ट्रॅक्टरवाला भाडं वाढवतो ते अडीचशेने नाही, त्याहून जास्त, आणि डिझेल उतरलं तरी भाडं उतरत नाही. म्हणून भाडं एप्रिलमध्येच, शक्य तर गावातल्या चार-पाच जणांनी मिळून ठरवावं. दरवर्षी नांगरट लागतेच का, हाही प्रश्न विचारायला हरकत नाही. ज्यांनी रुंद वरंबा-सरीवर सोयाबीन घेतलं त्यांना बियाणं कमी लागतं आणि जास्तीचं पाणी निघून जातं. तोच वरंबा न मोडता त्यावर हरभरा टोकता आला तर रब्बीची एक मशागत वाचते.

खताचं दुखणं डिझेलपेक्षा मोठं आहे, कारण तिथे नुसता भाव वाढत नाही, माल गायब होतो. युरिया नैसर्गिक वायूपासून बनतो आणि आपल्या आयातीचा बराचसा वायू कतारहून होर्मुझमार्गे येतो. डीएपी किंवा त्याचा कच्चा माल सौदी, मोरोक्को, जॉर्डन, चीन, रशिया इथून. युरियाचं ४५ किलोचं पोतं सरकारी अनुदानामुळे २६६ रुपये ५० पैशांनाच मिळतं, पण डीएपीची ओढाताण होते. मे २०२१ मध्ये पोतं २,४०० च्या घरात जायची वेळ आली होती. तेव्हा अनुदान ५०० वरून १,२०० रुपये केलं म्हणून ते १,२०० ला मिळालं, पुढे १,३५० झालं. २०२३ च्या अखेरीपासून हुथींच्या हल्ल्यांमुळे तांबड्या समुद्राची वाट सोडून जहाजांना आफ्रिकेला वळसा घालावा लागला आणि खताच्या बोटी लांबल्या. कृषी सेवा केंद्रासमोर रांग लागते, आणि डीएपीच्या पोत्याबरोबर नको असलेली द्रव खताची बाटली गळ्यात मारली जाते ती तेव्हाच.

या रांगेतून बाहेर पडायचा मार्ग सोपा आहे आणि सोयाबीनसाठी तर तो डीएपीपेक्षा चांगला आहे. सोयाबीनला हेक्टरी ३० किलो नत्र, ६० किलो स्फुरद, ३० किलो पालाश अशी शिफारस आहे; एकरी झालं १२, २४ आणि १२. डीएपीचं एक पोतं ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद देतं. सिंगल सुपर फॉस्फेटची तीन पोती २४ किलो स्फुरद देतात. त्याला २५ किलो युरिया आणि २० किलो म्युरेट ऑफ पोटॅशची जोड दिली की शिफारस पुरी होते. शिवाय सुपर फॉस्फेटमध्ये ११ टक्के गंधक असतं, जे तेलबियांना हवंच असतं आणि डीएपीत ते नसतं. पोती उचलायला जास्त, एवढाच तोटा. बियाण्याला रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू चोळायला परभणीच्या विद्यापीठाची जैविक खतं मिळतात. त्यांचा खर्च एवढा कमी आहे की त्यावर विचार करत बसण्यातच जास्त वेळ जाईल.

नांदेडकडे वळलं की चित्र बदलतं. अर्धापूर-मुदखेडची केळी आखातात आणि इराणकडे जाते. सोयाबीन थांबू शकतं, केळी थांबत नाही. तिकडे बंदर अडलं, कंटेनर रखडला किंवा जहाजाचं भाडं वाढलं की इकडे बागेतला भाव लगेच पडतो आणि कापणी करणारा व्यापारी फोन उचलत नाही. म्हणून निर्यातीच्या भावाच्या मोहात सगळी बाग एकाच महिन्यात कापणीला येईल अशी लागवड करू नका. दोन-तीन टप्प्यांत करा. उत्तरेकडच्या बाजारात माल पाठवणाऱ्या एखाद्या व्यापाऱ्याशी दरवर्षी थोडा तरी व्यवहार ठेवा, भाव दोन रुपये कमी दिला तरी. आणि निर्यातीच्या मालाचे पैसे वजनकाट्यावरच घ्या. ‘कंटेनर पोचल्यावर देतो’ म्हणणाऱ्याच्या हातात युद्धाच्या महिन्यात काहीही नसतं. हळदीचं उलट आहे. तिलाही आखाती गिऱ्हाईक आहे, पण नीट शिजवून वाळवलेली हळद वर्षभर राहते. ज्यांच्याकडे दोन्ही पिकं आहेत त्यांनी गरजेला केळी मोडावी आणि हळदीला वाट पाहू द्यावी.

लातूर-उदगीरच्या दाळमिलवाल्यांना वेगळं सांगायला नको. त्यांची तूर म्यानमार, मोझांबिक, टांझानियाहूनही येते आणि म्यानमारमध्ये २०२१ च्या लष्करी उठावानंतर शांतता नाही. तूर पेरणाऱ्याने मात्र एक लक्षात ठेवावं: तिकडून माल अडला म्हणून इथे तेजी आली, तरी बिनशुल्क आयातीची मुदत वाढली की ती तेजी संपते. मुदत कधी संपते ती तारीख भिंतीवर लिहून ठेवण्यासारखी आहे.

घरच्या तेलाबद्दल थोडं. पाच माणसांच्या घरात महिन्याला तीन किलो तेल लागत असेल आणि किलोला ३० रुपये वाढले, तर महिन्याला ९० रुपये जास्त. डबे साठवण्याइतकं ते मोठं नाही. एकेकाळी लातूर-धाराशिवकडे करडई घराघरात होती. रब्बीत कोरडवाहू रानाच्या कडेला काट्याच्या करडईच्या चार ओळी टाकल्या तर वर्षाचं तेल घाण्यावरून काढून आणता येतं आणि जनावरंही रानात शिरत नाहीत. मी ते करतो. त्यात फार मोठा नफा नाही, पण डब्याचा भाव विचारायला दुकानात जावं लागत नाही.

युद्धाची आणखी एक झळ, शेताबाहेरची. लातूर पॅटर्नच्या क्लासांमधून नीट परीक्षा देऊन, इथे सरकारी जागा हुकली म्हणून आपल्या भागातली पोरं एमबीबीएसला युक्रेनला गेली होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये ती तळघरात अडकली आणि ऑपरेशन गंगात परत आली. जून २०२५ मध्ये इराणमधून भारतीय विद्यार्थ्यांना काढावं लागलं. शेत गहाण टाकून पोराला बाहेर पाठवत असाल, तर फीबरोबर तीन गोष्टी विचारा: फी वर्षावर्षाने घेतात की एकदम, मध्येच परतावं लागलं तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नियमात पुढचं शिक्षण कुठे आणि कसं पुरं होईल, आणि पाच-सहा वर्षांत रुपया घसरला तर फी किती होईल. शेवटचा प्रश्न एजंट सहसा टाळतो.

मे महिन्यात, युद्ध असो नसो, घरच्या सोयाबीनमधलं चांगलं बी बाजूला काढा. सोयाबीन सरळ वाणाचं असतं, दरवर्षी पिशवी विकत घ्यावी लागत नाही. त्यातले न निवडता शंभर दाणे मोजा, ओल्या गोणपाटावर दहाच्या ओळीत मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा आणि पाणी शिंपडत राहा. आठवड्याने उघडून मोजा. सत्तर किंवा जास्त उगवले तर एकरी ३० किलो पुरतं. साठ-पासष्ट उगवले तर चार-पाच किलो वाढवा. त्याहून कमी आले तर ते बी मोंढ्यात नेऊन विका आणि त्या पैशात नवं घ्या.